साजाच्या खोलीतला शनिवार

‘ऑफ माइस अँड मेन’ या छोट्या कादंबरीत बिल टेनर नावाचा माणूस एकदाच येतो, आणि तोही स्वतः नाही, त्याचं पत्र येतं. दिवसभराचं काम आटोपून मजूर झोपायच्या खोलीत जमले आहेत. व्हिट नावाचा तरुण गडी एक स्वस्तातलं, चुरगळलेलं मासिक आणतो आणि शेवटची पानं उघडून स्लिमला वाचायला देतो. वाचकांच्या पत्रांत कुणा बिल टेनरने संपादकांना कळवलंय की तुमच्या गोष्टी मला फार आवडतात. यात वाचण्यासारखं काय आहे ते स्लिमला कळत नाही. मग व्हिट सांगतो, हा बिल तीन महिन्यांपूर्वीपर्यंत इथेच होता, वाटाण्याच्या रानात आम्ही दोघं कोळपणी करायचो, त्यानेच लिहिलंय हे. जॉर्ज बघायला हात पुढे करतो. व्हिट त्याला पान दाखवतो, पण मासिक हातातून सोडत नाही. नंतर उठून ते आपल्या खाटेवरच्या फळीवर जपून ठेवतो.

कथानकाला या प्रसंगाची काडीचीही गरज नाही. तो काढला तरी गोष्ट तशीच पुढे जाईल. मला मात्र हे पुस्तक आठवतं ते आधी या मासिकासकट. त्या रँचवर माणसं येतात, महिना भरतात, पन्नास डॉलर घेतात आणि वळकटी खांद्यावर टाकून निघून जातात. जॉर्जला मिळालेल्या खाटेवरच्या फळीत उवा मारायच्या पावडरीचा पिवळा डबा सापडतो. आधीच्या माणसाने मागे ठेवलेली खूण तेवढीच. अशा ठिकाणी ओळखीच्या माणसाचं नाव छापून आलं, म्हणजे तो खरंच होता, आपणही त्याच्या शेजारी होतो, याचा तो पुरावा. व्हिट मासिक सोडत नाही तो त्यासाठी.

जॉन स्टाइनबेकची ही कादंबरी १९३७ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाली. शंभरेक पानं, सहा प्रकरणं, गुरुवार संध्याकाळपासून रविवार संध्याकाळपर्यंतचा काळ. जॉर्ज मिल्टन आणि लेनी स्मॉल हे दोघे कॅलिफोर्नियातल्या सोलेदाद गावाजवळच्या रँचवर सातूची पोती उचलायच्या कामावर येतात. लेनी अंगाने राक्षसासारखा, बुद्धीने लहान मूल. मऊ वस्तू दिसली की त्याला कुरवाळावीशी वाटते, आणि आपल्या हातात किती ताकद आहे हे त्याला उमगत नाही. दोघांचं स्वप्न एकच: स्वतःची थोडी जमीन, लहानसं घर, लसूणघासाचा एक तुकडा आणि तो खाणारे ससे. रविवारी दुपारी लेनीच्या हातून मालकाच्या सुनेचा जीव जातो, आणि तिच्या नवऱ्याने त्याला हालहाल करून मारण्याआधी जॉर्ज स्वतःच त्याला नदीकाठी गोळी घालतो. एवढीच गोष्ट.

स्टाइनबेक त्याच खोऱ्यातला. जन्म १९०२ चा, सॅलिनास गावचा. वडील पुढे माँटरे काउंटीचे खजिनदार झाले, आई लग्नापूर्वी शाळेत शिकवायची. म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी. पण स्टॅनफर्ड विद्यापीठात नाव घालायचं, सोडायचं, पुन्हा घालायचं, असं १९१९ पासून १९२५ पर्यंत चाललं असताना मधल्या काळात तो स्प्रेकल्स साखर कंपनीच्या बीटच्या रानांत राबला, वळकटीवाल्या मजुरांबरोबर राहिला. पदवी शेवटपर्यंत घेतली नाही. १९३७ मध्ये एका मुलाखतीत त्याने सांगितलं की लेनी ज्याच्यावरून सुचला तो माणूस खरोखरच होता. त्याच्याबरोबर त्याने काम केलं होतं, आणि रागाच्या भरात त्या माणसाने मुकादमाला दाताळ्याने मारलं होतं. मुलाखतीच्या वेळी तो माणूस कॅलिफोर्नियातल्याच एका मनोरुग्णालयात होता. कादंबरीतला लेनी रागाने कुणालाच मारत नाही. हा बदल स्टाइनबेकने केला, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. राग त्याने लेनीतून काढला आणि भोवतालच्या शहाण्या माणसांत वाटून टाकला.

या पुस्तकातल्या एकटेपणाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, आणि बहुधा तो माणसाच्या नशिबीच असतो अशा सुरात. मला ते पटत नाही. या रँचवरचा एकटेपणा आभाळातून पडलेला नाही. तो रचलेला आहे, कुंपण घालावं तसा, मोजमाप घेऊन. सॅन फ्रान्सिस्कोतली एजन्सी कामाची चिठ्ठी देते ती एकेकट्या माणसाला. पीक उभं असेतो माणसं हवीत, नंतर नकोत. राहायला खाटा आहेत, घरं नाहीत. शनिवारी पगारातले अडीच डॉलर गावातल्या सुझीच्या कोठीवर जातात, उरलेले दारूत, आणि सोमवारी माणूस पुन्हा मोकळा आणि कफल्लक, म्हणजे जिथे हाकाल तिथे जायला तयार. या व्यवस्थेत दोन माणसं एकमेकांना धरून आली की तिला शंका येते. लेनीच्या वतीने जॉर्जच बोलतो हे पाहून रँचचा मालक सरळ विचारतो की तू याचा पगार तर खात नाहीस ना? एक माणूस दुसऱ्याची काळजी घेतो, याचं दुसरं कोणतंही कारण त्याच्या डोक्यात येत नाही. चोरी, एवढंच त्याला सुचतं. अख्ख्या पुस्तकात मला या प्रश्नाची सर्वांत जास्त भीती वाटते. मालक दुष्ट मुळीच नाही. नाताळात गड्यांना गॅलनभर व्हिस्की पाजणारा माणूस आहे तो.

मी सांगली जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या पट्ट्यात वाढलो. तिथे बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या. मुकादम उचल द्यायचा ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्याने तोडायचं, तिने मोळ्या बांधायच्या. एकट्या माणसाला तिथे फारसं कुणी विचारत नसे. सॅलिनासच्या धान्याच्या रँचवर नेमकं उलटं, तिथे बायका-पोरं म्हणजे नसती अडगळ. सोबत कुणी असावं की नसावं, हे दोन्हीकडे मजूर ठरवत नाही, मजुरीची रीत ठरवते. पुढे ओक्लाहोमाकडून दुष्काळाने उठलेली कुटुंबंच्या कुटुंबं कॅलिफोर्नियात आली, तेव्हा तिथलीही रीत बदलली. त्या कुटुंबांवर स्टाइनबेकने १९३६ मध्ये वर्तमानपत्रात लेखमाला लिहिली आणि १९३९ मध्ये ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’. जॉर्ज आणि लेनी त्याच्या आधीच्या, एकट्या पुरुषांच्या जगातले.

आता क्रूक्सकडे येतो. माझ्या मते हे पुस्तक चौथ्या प्रकरणात आहे. बाकीची पाच प्रकरणं त्याच्या आजूबाजूला उभी केलेली आहेत.

क्रूक्स तबेल्यावर काम करतो. घोड्याने लाथ मारल्यामुळे त्याची पाठ वाकडी झालीय. तो काळा आहे, त्या रँचवरचा एकमेव, आणि सोलेदाद गावात काळ्यांचं घर उणंपुरं एक. इतर गड्यांच्या खोलीत त्याला प्रवेश नाही. तो तबेल्याला लागून असलेल्या, घोड्यांचा साज ठेवायच्या खोलीत राहतो. तुझ्या अंगाला वास येतो, असं त्याला सांगितलं जातं. आपल्याकडच्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. वासाचं, विटाळाचं कारण पुढे करून माणसाला वस्तीच्या कडेला बसवणं आपण गावोगाव पाहिलेलं आहे. खोलीच्या खिडकीखाली उकिरडा आहे. स्वतंत्र खोली मिळाली म्हणजे बरंच आहे की, असं रँचवरचा म्हातारा गडी कँडी म्हणतो, तेव्हा क्रूक्स त्याला त्या उकिरड्याची आठवण करून देतो.

पण स्टाइनबेकने त्या खोलीचं जे वर्णन केलंय ते दैन्याचं नाही. जमीन झाडून लख्ख ठेवलेली. वाकड्या पाठीला चोळायच्या औषधाच्या बाटल्या. चष्मा. पुस्तकं, आणि त्यांत हाताळून खिळखिळी झालेली कॅलिफोर्नियाच्या दिवाणी संहितेची १९०५ सालची प्रत. हा माणूस कायमचा नोकर आहे, त्यामुळे त्याच्याकडे वळकटीत मावणार नाही इतकं सामान आहे. ते जमवून, राखून, झाडून-पुसून त्याने चार भिंतींत स्वतःचा मान सांभाळलाय. मला या खोलीत किती एकाकी वाचक दिसावेत, असा मोह होतो. तो आवरतो. क्रूक्स कायद्याचं पुस्तक वाचतो ते करमणुकीसाठी नव्हे. आपल्या वाट्याला नक्की काय आहे ते त्याला अक्षरांत बघायचंय.

शनिवारची रात्र आहे. धडधाकट गडी गावात गेलेत. मागे राहिलेत ते रँचच्या हिशेबात मोडके: काळा क्रूक्स, मतिमंद लेनी, एका हाताचा म्हातारा कँडी, आणि थोड्या वेळाने नवऱ्याला शोधण्याचं निमित्त करून आलेली मालकाची सून. चौघंही एकाच खोलीत. कँडी तर दारातच घुटमळतो. दोघेही इथे इतकी वर्षं राहतात आणि आज तो पहिल्यांदाच क्रूक्सच्या खोलीत पाऊल टाकतोय. दुसऱ्या कुणा लेखकाने इथे चार दुःखी जीवांना जवळ आणलं असतं, त्यांचे डोळे पुसले असते. स्टाइनबेक ते करत नाही. क्रूक्स आधी लेनीला छळतो. जॉर्ज परत आलाच नाही तर? त्याला काही झालं तर? तुला वेड्यांच्या इस्पितळात टाकतील, गळ्यात पट्टा बांधतील. लेनीचा चेहरा पांढराफटक पडेपर्यंत तो थांबत नाही, आणि त्यात त्याला सुख मिळतं, हे स्टाइनबेक लपवत नाही. आयुष्यभर ज्याला खाली बसवलं, त्याला पहिल्यांदा आपल्याहून खालचा सापडलाय. एकटेपणाने माणूस मृदू होतो, ही आपली जुनी समजूत. क्रूक्सच्या खोलीत ती टिकत नाही. एकटेपणा आधी दुबळ्याचा शोध घेतो.

आणि तरीही त्याच रात्री क्रूक्स उमलतो. लेनी ससे-ससे करत असतो, त्यांच्या स्वप्नात सामील झालेला कँडी वाडीच्या पैशांचा हिशेब सांगतो, आणि क्रूक्स आधी हसतो. जमिनीचं स्वप्न घेऊन फिरणारी शेकडो माणसं त्याने पाहिलीत, कुणालाच मिळाली नाही. पण वाचकाने इथे जरा मागे जावं. याच प्रकरणात थोड्या वेळापूर्वी क्रूक्सने आपल्या बालपणाबद्दल सांगितलेलं आहे. त्याच्या वडिलांची दहाएक एकरांची कोंबड्यांची वाडी होती. स्ट्रॉबेरीचा वाफा होता. लसूणघासाचा तुकडा होता, आणि उन्हाच्या सकाळी कोंबड्या त्यात सोडायचे. भाऊ होते, गोरी मुलंही खेळायला यायची. म्हणजे जॉर्ज आणि लेनी ज्याची स्वप्नं बघतात ते सगळं, लसूणघासासकट, त्या रँचवर फक्त एका माणसाने प्रत्यक्ष जगलेलं आहे, आणि तोच उकिरड्यावरच्या खोलीत राहतो. ती वाडी कशी गेली, हे पुस्तक सांगत नाही. क्रूक्सच्या हसण्यातला कडवटपणा स्वप्न न पाहिलेल्याचा नाही, ते हातचं गेलेल्याचा आहे. म्हणून मग तो हळूच विचारतो की तुम्हाला फुकट राबणारा माणूस हवा असेल, नुसत्या जेवणाखाणावर, तर मी येईन, पाठ वाकडी असली तरी माझ्याने काम होतं, तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो.

तेवढ्यात दारात मालकाची सून उभी राहते. क्रूक्स धीर एकवटून तिला सांगतो, काळ्या माणसाच्या खोलीत यायचा तुला हक्क नाही, निघ इथून. हक्क हा शब्द त्या १९०५ च्या पुस्तकातला. ती त्याला उत्तर देते की मी एक शब्द बोलले तर तुला झाडाला लटकवतील. आणि क्रूक्स जागच्या जागी आकसतो, स्वतःचं काही उरूच नये असा. फळीवर कायद्याची संहिता आहे, आणि बाईच्या जिभेवर दोर. दोघांनाही माहीत आहे की यातलं चालतं काय. ती गेल्यावर तो कँडीला सांगतो, मघाचं विसर, मी सहज गंमत करत होतो, मला कुठल्या वाडीवर यायचं नाहीये.

ही धमकी पोकळ नव्हती. १९३३ च्या नोव्हेंबरात, सॅलिनासपासून दूर नसलेल्या सॅन होझेमध्ये जमावाने तुरुंग फोडून दोन कैद्यांना बाहेर काढलं आणि उद्यानातल्या झाडांना फाशी दिली. ते दोघे गोरे होते. राज्याच्या गव्हर्नरने जमावाची पाठ थोपटली. स्टाइनबेकने या घटनेवरून एक कथा लिहिली, तीत मारला जाणारा माणूस काळा आहे, आणि कथा सांगितलीय ती मारणाऱ्यांतल्या एकाच्या बाजूने. जमाव पांगल्यावर त्या माणसाला एकाएकी फार एकटं वाटू लागतं. तो बारमध्ये बोलायला कुणीतरी शोधतो. ‘एस्क्वायर’ मासिकात १९३६ मध्ये ती छापून आली तेव्हा शीर्षकात त्या माणसाचं एकाकीपण नोंदलेलं होतं. पुढे पुस्तकात ते गळून नुसतं ‘द व्हिजिलांटी’ राहिलं. मारेकऱ्याच्या एकटेपणाकडे इतक्या थंड नजरेने बघण्याचं धैर्य ज्याच्यात होतं, त्यानेच क्रूक्सची खोली लिहिली.

मालकाच्या सुनेला पुस्तकात नाव नाही. ती नवऱ्याच्या, म्हणजे कर्लीच्या, नावाने ओळखली जाते. पहिल्या वाचनात ती उठवळ वाटते, कारण गडी तिच्याविषयी तसं बोलतात आणि वाचक त्यांच्याच खोलीत बसलेला असतो. कादंबरीवरच्या नाटकात ही भूमिका करणाऱ्या क्लेअर लूस या अभिनेत्रीला स्टाइनबेकने १९३८ मध्ये पत्र लिहून ती बाई आतून कशी आहे ते उलगडून सांगितलं. संशयाच्या, कडक बंधनांच्या घरात वाढलेली, कुणी कधी माणूस म्हणून न वागवलेली मुलगी. तिचंही स्वप्न आहे, सिनेमात जायचं. कुणी तरी पत्र पाठवीन म्हणाला होता, ते आलं नाही. आईने ते लपवलं असं तिला वाटतं. म्हणून नाचघरात भेटलेल्या कर्लीशी तिने लग्न केलं. हे सगळं ती सांगते कुणाला, तर ज्याला त्यातलं अक्षर कळत नाही त्या लेनीला, मरण्याच्या काही मिनिटं आधी. आणि जिला बोलायला कुणी नाही म्हणून आपण कळवळतो, तीच आदल्या रात्री क्रूक्सला दोराची भीती घालून गेलेली असते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरणं अवघड जातं. स्टाइनबेक वाचकाला एक सोडून दुसरी धरायची मुभा देत नाही.

एक गोष्ट मात्र मला या पुस्तकात सापडत नाही आणि तिची उणीव जाणवते. कॅलिफोर्नियातली रानं त्या काळी फिलिपिनो, जपानी, मेक्सिकन आणि पंजाबी मजुरांच्या हातांवर उभी होती. स्टाइनबेकच्या रँचवर त्यांच्यातलं कुणी नाही. १९३० च्या जानेवारीत सॅलिनासशेजारच्या वॉटसनव्हिलमध्ये, फिलिपिनो तरुण गोऱ्या मुलींबरोबर नाचतात या कारणावरून अनेक दिवस दंगल झाली. फर्मिन तोबेरा नावाचा बावीस वर्षांचा मजूर गोळी लागून मेला. १९३३ मध्ये राज्याने कायदा बदलून फिलिपिनो माणसाने गोऱ्या स्त्रीशी लग्न करण्यावर बंदी घातली. त्या समाजात बायका मुळात फार थोड्या होत्या. म्हणजे हजारो माणसांचा एकटेपणा विधिमंडळात मंजूर करून घेतलेला होता. आणि जमिनीचं म्हणाल तर १९१३ च्या कायद्याने, ज्यांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळू शकत नाही अशा परकीयांना कॅलिफोर्नियात जमीन विकत घेता येत नव्हती. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांनाही त्याच रांगेत बसवलं. तो कायदा १९५२ पर्यंत न्यायालयात टिकला. जॉर्जला दहा एकर परवडत नव्हते. त्याच राज्यात राबणाऱ्या पंजाबी माणसाला ते परवडले असते तरी स्वतःच्या नावावर करता आले नसते.

अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या हिंदी मजुरांत काही काळ एक मराठी माणूसही वावरला होता. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे पहिल्या महायुद्धाच्या आधी ऑरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांत शेतीशास्त्र शिकले, पंजाबी कामगारांत मिसळून गदर चळवळीच्या पायाभरणीत उतरले. पुढे मेक्सिकोत जाऊन मक्यावर संशोधन करणारे प्राध्यापक झाले, आणि डिएगो रिव्हेराने त्यांना भित्तिचित्रात भाकरी वाटून घेणाऱ्यांच्या पंगतीत रंगवलं. त्यांना बोलायला एक चळवळ मिळाली, पंगत मिळाली. क्रूक्सला यातलं काहीच नव्हतं.

कँडीच्या पैशांबद्दल सांगायचं राहिलं. रँचवरच उजवा हात गेला तेव्हा रँचने त्याला अडीचशे डॉलर भरपाई दिली आणि झाडलोटीवर ठेवून घेतलं. बँकेत आणखी पन्नास. महिनाअखेरीस पगाराचे पन्नास. जॉर्जने मनात धरलेल्या वाडीची किंमत सहाशे. कँडीचे साडेतीनशे आणि जॉर्ज-लेनीचे शंभर धरले की साडेचारशे होतात, बाकीचे नंतर फेडता येतील. इतके दिवस जी केवळ झोपताना सांगायची गोष्ट होती, ती एका महिन्याच्या अंतरावर येते, आणि तिघेही गप्प होतात, कारण हे खरं होईल असं त्यांच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं. वाडीचं पहिलं बयाणं म्हणजे एका म्हाताऱ्याचा तुटलेला हात. तो हे पैसे पुढे करतो ते त्याच्या कुत्र्याला गोळी घातल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत. कुत्रा म्हातारा झाला, वास मारतो, उपयोगाचा नाही, म्हणून कार्लसन नावाचा गडी त्याला बाहेर नेतो, आणि खोलीतले सगळे गोळीच्या आवाजाची वाट बघत उगाच पत्त्यांविषयी बोलत राहतात. जमिनीखाली काहीतरी कुरतडल्याचा आवाज येतो. आवाज एकदाचा होतो आणि कँडी भिंतीकडे तोंड करून पडतो. उपयोग संपल्यावर माणसाचं काय करतात ते त्याला तेव्हा नेमकं कळलेलं असतं.

उपयोगाची ती मोजपट्टी पुस्तकाबाहेरही गेली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये मतिमंद कैद्यांना देहदंड देण्यावर बंदी घातली. मतिमंद कोणाला म्हणायचं, हे ठरवताना टेक्सासच्या फौजदारी अपील न्यायालयाने २००४ मध्ये चक्क लेनीचं उदाहरण घेतलं. सामान्य टेक्सासवासीयाला लेनीसारख्याला सूट द्यावीशी वाटेल, पण इतरांचं काय, असा तो विचार. पुढे २०१२ मध्ये तिथे त्याच निकषांवर एका कैद्याला देहदंड दिला गेला, तेव्हा स्टाइनबेकच्या मुलाने, थॉमसने, जाहीरपणे संताप व्यक्त केला. आपल्या वडिलांनी लेनीला कुणाच्या जगण्या-मरण्याचं माप म्हणून लिहिलं नव्हतं, असं त्याचं म्हणणं होतं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टेक्सासचे ते निकष बाद केले. मधल्या काळात एका कादंबरीतला माणूस, ज्याच्यासाठी लाखो वाचक रडले, तो इतरांविरुद्ध पुरावा म्हणून उभा केला गेला.

शेवटाकडे एक संवाद आहे, त्याच्याशी माझं भांडण मिटत नाही. तबेल्यात त्या मुलीचं प्रेत पडलंय. कँडी जॉर्जला विचारतो, आपण दोघं घेऊ शकतो ना ती वाडी? जॉर्ज म्हणतो की मी महिना भरीन, पन्नास डॉलर घेईन आणि एखाद्या कोठीवर रात्र काढीन. आपल्याला मुळापासूनच ठाऊक होतं हे व्हायचं नाही, पण लेनीला ते ऐकायला इतकं आवडायचं की आपल्यालाही खरं वाटायला लागलं, असंही तो कबूल करतो. पैशांचा हिशेब तेव्हाही मोडलेला नाही. लेनीचे पन्नास वजा केले तरी महिनाअखेरीस चारशे जमले असते. कमी पडला तो ऐकणारा. जॉर्जला त्या घटकेला दुसरं काही सुचणं शक्य नव्हतं, हे मला कळतं. तरी मला वाटतं, कँडीही ऐकत होता की. आदल्या रात्री क्रूक्ससुद्धा ऐकत होता. लेनीशी जॉर्जचं नातं लेनीला वाढवणाऱ्या क्लारा मावशीपायी जडलेलं, सवयीने घट्ट झालेलं. कँडीशी ते नव्याने, जाणून-बुजून जोडावं लागलं असतं, आणि तसं जोडण्याचा सराव त्या रानात कुणालाच नव्हता, जॉर्जलाही नाही. नदीकाठी गोळी झाडून झाल्यावर स्लिम त्याचा दंड धरतो आणि त्याला प्यायला घेऊन जातो. कँडी तिकडे तबेल्यात आहे. प्रेताजवळ थांब, असं त्याला स्लिमनेच सांगितलंय. जाताना त्यालाही हाक मारावी, हे दोघांपैकी कुणाच्या मनात येत नाही. स्लिमच्याही नाही, ज्याला त्या रँचवर माणसं सर्वांत जास्त कळतात.